किनाऱ्यावरचे दोन संसार

सी लायनला बाहेरून दिसणारे कान असतात, सीलला नसतात. कुठल्याही माहितीफलकावर पहिला फरक हाच लिहिलेला असतो, आणि तो शंभर टक्के खरा आहे. अडचण एवढीच की तो कान म्हणजे डोक्याला लागून असलेली, करंगळीच्या टोकाएवढी सुरळी. भिजली की तीही कातडीला चिकटून बसते. शंभर-दीडशे फुटांवरून, वाऱ्यात डोळे बारीक करून, खडकावर पसरलेल्या काळपट ढिगाऱ्यात ती शोधत बसायचं म्हणजे कठीणच. हौसेला मोल नसतं हे कबूल, पण मला विचाराल तर कानाच्या नादी लागू नये. प्राणी हलेपर्यंत थांबावं. तो पाण्यातून बाहेर कसा येतो आणि परत आत कसा जातो, एवढं नीट पाहिलं की बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच निघत जातात. आवाजाची, झोपेची, अगदी आईपणाचीसुद्धा.

दोघांना एकाच फेरफटक्यात पाहायचं तर कॅलिफोर्नियातल्या माँटेरेइतकी सोयीची जागा मला ठाऊक नाही. तिथे कोस्ट गार्डच्या धक्क्याला लागून दगडांचा लांबलचक बांध आहे, आणि त्याच्या टोकाकडे सी लायन्सनी कायमचा मुक्काम ठोकलेला असतो. तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून पॅसिफिक ग्रोव्हच्या दिशेने चालत निघालं की थोड्याच वेळात हॉपकिन्स मरीन स्टेशनची छोटीशी पुळण लागते. कुंपणापलीकडे हार्बर सील पहुडलेले असतात आणि कुंपणाअलीकडे बहुधा एखादा स्वयंसेवक दुर्बीण रोखून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावत असतो. या वाटेने मी अनेकदा गेले आहे, आणि दर वेळी बांधावर जास्त रेंगाळले आहे. सील हा सभ्य प्राणी, पण तमाशा सी लायनकडे असतो.

बांध दिसायच्या आधीच त्याचा वास येतो, आणि वासाच्याही आधी भुंकणं ऐकू येतं. एकाने सुरू केलं की दुसरा, मग तिसरा, असं ते न थांबता चालूच राहतं. या गर्दीत बहुतेक सगळे नर. कॅलिफोर्निया सी लायनची पिल्लं जन्मतात ती दक्षिणेला, चॅनेल आयलंड्सवर आणि मेक्सिकोच्या बेटांवर. माद्या सहसा त्याच भागात राहतात. नर मात्र विणीचा हंगाम आटोपला की उत्तरेकडे येतात, खातात, वजन वाढवतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खाली जातात. त्यामुळे जून-जुलैत बांध बराच मोकळा वाटतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या कपाळावर हाडाचा उंचवटा असतो, तो लांबूनही ओळखता येतो. असा नर साडेतीनशे किलोंपर्यंत भरतो.

त्यातल्या एकाला पाण्याबाहेर येताना मी अगदी जवळून पाहिलं. लाटेच्या रेट्याबरोबर त्याने छाती दगडावर टाकली. पुढची दोन्ही वल्ही, लांब, काळी, केस नसलेली, चामड्याच्या पट्ट्यांसारखी, मनगटातून बाहेरच्या बाजूला वळवून रोवली आणि अंग वर उचललं. मग मागचे पाय पुढे वळवून पोटाखाली घेतले आणि तो चक्क चालायला लागला. उतरत्या, शेवाळलेल्या दगडांवरून, एकापाठोपाठ एक पाऊल टाकत. वाटेत आलेल्या प्रत्येकाच्या अंगावरून तो गेला. प्रत्येकाने तोंड वासून तक्रार केली आणि जागचं कुणीही हललं नाही. शेवटी दोघांच्या अंगावर आडवा होऊन त्याने मागचा एक पाय उचलला आणि कुत्र्यासारखी हनुवटीखाली खाज काढली. त्या मागच्या पायाच्या मधल्या तीन बोटांना नखं असतात, ती याच कामाची. पुढच्या वल्ह्यांवरची नखं नावापुरतीच उरली आहेत.

सीलला यातलं काही जमत नाही. त्याचे मागचे पाय कायमचे मागे वळलेले असतात, तळवे एकमेकांकडे केलेले, आणि ते पुढे येतच नाहीत. पुढची वल्ही आखूड, केसाळ, आणि टोकाला चांगली भक्कम नखं. खाजवायचं काम त्याला याच हातांनी करावं लागतं. वाळूवरून पुढे सरकायचं तर पोटावर आपटत, अंगाची घडी घालत आणि उलगडत. दहा फूट गेला की थांबतो. बघणाऱ्यालाच दम लागतो. आणि सी लायन जिथे एकमेकांच्या अंगावर रचलेले असतात, तिथे हार्बर सील आपापलं अंतर राखून झोपतात. शेजारी फारच जवळ आला तर एक आखूड हात हवेत झटकला जातो, थोडं गुरगुरणं होतं, आणि प्रकरण मिटतं.

पाण्यात मात्र बाजू उलटते. सी लायन पुढच्या वल्ह्यांनी पोहतो. ती वरून खाली अशी ओढतो की पाण्यात उडतोय असंच वाटावं. मागचे पाय सुकाणूपुरते. सील पुढचे हात अंगाशी घट्ट धरतो आणि मागचे पाय डावीकडे-उजवीकडे हलवत जातो, माशासारखा. दूर समुद्रात नुसतं डोकं दिसत असेल तर ते खाली कसं जातं ते बघावं. सी लायन बहुधा डोकं पुढे करून पाठ वाकवत सूर मारतो, कधी कधी तर सगळं अंग पाण्याबाहेर फेकत जातो. सील मात्र उभ्याउभ्याच खाली उतरतो. मान, डोळे, शेवटी नाक, आणि पाणी सपाट. पाण्यात उभं राहून, फक्त नाक वर ठेवून तो झोपतोही. बुडणारं कुत्रं समजून त्याला वाचवायला धावणारे लोक असतात.

या दोघांबद्दल माणसांचे असे गैरसमज भरपूर. सी लायन पाण्यात पाठीवर किंवा कुशीवर तरंगत एक वल्हं हवेत उभं धरून राहतो. पुष्कळदा चार-पाच जण एकत्र, सगळ्यांची वल्ही वर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं हा जाळ्यात अडकलाय किंवा मदत मागतोय. खरं तर तो अंगाचं तापमान सांभाळत असतो. वल्ह्यांवर चरबीचा जाड थर नसतो आणि रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात, त्यामुळे थंड पाण्यातून ती वर काढली की उष्णता वाचते आणि ऊनही मिळतं. हार्बर सीलचा प्रकार वेगळा. भरती चढायला लागली आणि खडक पाण्याखाली जायला लागला की तो डोकं आणि मागचे पाय दोन्ही वर उचलतो आणि केळ्यासारखा वाकून पडून राहतो. निघून जाणं सोपं असतं, पण नाही. शेवटचा वीतभर खडक उरेपर्यंत कोरडं राहायचा त्याचा हट्ट मी तासभर पाहत बसले आहे, आणि तो तास फुकट गेला असं मला अजिबात वाटत नाही.

तिसरा गैरसमज डोळ्यांचा. सीलचे डोळे मोठे, काळेभोर, आणि किनाऱ्यावर असताना त्यांतून सतत पाणी गळत असतं. बघणाऱ्याचा जीव कळवळतो. आपले अश्रू डोळ्यांतून नाकात उतरतात ती बारीक नळी या प्राण्यांना नसते. खाऱ्या पाण्यापासून डोळा जपण्यासाठी पाझरणारा स्राव मग गालावरच ओघळतो. समुद्रात तो धुऊन जातो, जमिनीवर दिसतो, इतकंच.

आता या नियमांना छेद देणारेही आहेत, त्यांची नावं घेऊन ठेवते. फर सील नावाने सील, पण त्याला कान आहेत आणि तो चालतो. तो सी लायनच्याच कुळातला. वॉलरसला बाहेरचे कान नाहीत, तरी मागचे पाय मात्र पुढे वळतात. त्याचं कुळच वेगळं, आणि त्यात आज तो एकटाच उरलाय. अंटार्क्टिकाचा लेपर्ड सील पक्का सील असूनही पुढची वल्ही लांब आणि पोहण्यात त्यांचाच जोर. आणि जलप्राण्यांच्या खेळांत नाकावर चेंडू तोलणारा, लोक ज्याला बिनदिक्कत सील म्हणतात, तो जवळजवळ नेहमी कॅलिफोर्निया सी लायन असतो. सीलला असं ताठ बसताच येत नाही, मग चेंडू कुठला तोलणार?

ही तिन्ही कुळं दोन वेगवेगळ्या पूर्वजांपासून निघाली, सील पाणमांजरांसारख्या प्राण्यांतून आणि सी लायन व वॉलरस अस्वलासारख्यांतून, असं मानणारे शास्त्रज्ञ एके काळी बरेच होते. आनुवंशिक पुराव्याने आता तो वाद मिटल्यात जमा आहे. मूळ एकच. २००७ साली कॅनडाच्या डेव्हन बेटावर पुइजिला नावाच्या प्राण्याचे जीवाश्म सापडले. लांब शेपूट, चार धडधाकट पाय आणि बोटांमध्ये पडदे असावेत अशी ठेवण. अशाच कुठल्या तरी चार पायांच्या जनावराची वंशावळ पाण्यात उतरली आणि पुढे तिच्या वाटा फुटल्या. सी लायनने जमिनीवरचा पाय काढला नाही. सीलने तो जवळपास काढलाच. बाकीचे सगळे फरक मला या एका गोष्टीचा हिशेब वाटतात.

खोलीचंच घ्या. सी लायनच्या बहुतेक बुड्या काही मिनिटांच्या असतात. वरच्या थरांतल्या माशांच्या थव्यांमागे वेगाने धावणं हे त्याचं काम. सील बुडी मारण्याआधी चक्क श्वास सोडतो. त्याचा प्राणवायू फुप्फुसात कमी आणि रक्तात, स्नायूंत जास्त साठवलेला असतो. स्नायू तर प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनामुळे काळपट लाल दिसतात. हृदयाचे ठोके मंदावतात, फुप्फुसं दाबाखाली मिटतात आणि तो खाली जात राहतो. एलिफंट सील दीड किलोमीटरहून खोल गेल्याच्या नोंदी आहेत. त्याची रोजची सवय मात्र चार-आठशे मीटरांची, वीस-पंचवीस मिनिटांची बुडी, वर दोन-तीन मिनिटं श्वास आणि पुन्हा बुडी. असं महिनोन् महिने, दिवसरात्र.

मग झोपतो कधी, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. २०२३ साली त्याचं उत्तर छापून आलं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मादी एलिफंट सीलच्या डोक्यावर मेंदूतले तरंग टिपणारी टोपी बसवली. समुद्रात असताना ती दिवसाला सरासरी फक्त दोन तास झोपते, तेही तुकड्यातुकड्यांनी. अर्ध्या तासाच्या एका बुडीत साधारण दहा मिनिटं. आधी ती जागेपणीच खाली उतरते. शार्क आणि ओर्का वरच्या थरांत शिकार करतात, त्यांच्या पल्ल्याखाली गेल्यावर तिला गाढ झोप लागते, अंग उलटं होतं आणि ती गोल गोल गिरक्या घेत खाली जात राहते. मग जाग येते आणि ती वर येते. हीच मादी किनाऱ्यावर आली की दिवसाचे दहा-दहा तास घोरत पडते. फर सीलची तऱ्हा याहून निराळी. तो पाण्याच्या पृष्ठभागावर कुशीवर तरंगत अर्ध्या मेंदूने झोपतो. उरलेला अर्धा जागा राहून एका वल्ह्याने पाणी मारत असतो.

आवाजाचा फरकही असाच उलटासुलटा निघतो. भुंकणारा सी लायन ऐकून कुणालाही वाटेल की गळा याचाच. किनाऱ्यावरचा हार्बर सील दिवसभरात एखादं गुरगुरणं काढेल तर काढेल. पण नव्या आवाजाची नक्कल करण्याची कला सीलकडे आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात हूव्हर नावाचं अनाथ हार्बर सीलचं पिल्लू एका कुटुंबाने वाढवलं आणि पुढे ते बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अॅक्वेरियममध्ये गेलं. मोठा झाल्यावर हा सील जाड्याभरड्या पुरुषी आवाजात, वाढवणाऱ्याच्याच हेलात, येणाऱ्यांना ‘इकडे ये’, ‘चल नीघ इथून’ असं इंग्रजीत दरडावायला लागला. १९८५ साली तो गेला. त्याची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात आणि ऐकताना हसावं की दचकावं कळत नाही. २०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ग्रे सीलच्या पिल्लांना सोप्या सुरावटी शिकवल्या गेल्या आणि त्यांनी त्या बऱ्यापैकी सुरात म्हणून दाखवल्या. सी लायनची हुशारी वेगळ्या जागी. सांताक्रूझच्या प्रयोगशाळेतली रोनन नावाची मादी संगीताच्या ठेक्यावर अचूक मान डोलावते, आणि वेग बदलला की तीही बदलते. ताल एकाकडे, सूर दुसऱ्याकडे. शिवाय सील मुका वाटतो तो जमिनीवर. विणीच्या दिवसांत हार्बर सीलचे नर पाण्याखाली गर्जना करतात आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली वेडेल सील शिट्ट्या आणि लांबलचक ताना घेतात. बोलायचं ते समुद्राशी, असं ज्याने ठरवलंय त्याने किनाऱ्यावर कशाला घसा फोडावा?

जमिनीवर असं हतबल असण्याची किंमत सीलने मोजलेली आहे. एलिफंट सील तर पळत नाही, आणि त्याच्या चरबीचं तेल होतं. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी उत्तरेकडची ही जात संपवत आणली. मेक्सिकोच्या ग्वादलूप बेटाच्या आसपास शंभरही उरले नव्हते. १९२२ साली मेक्सिकोने संरक्षण दिलं, पुढे अमेरिकेनेही दिलं. आज त्यांची संख्या दीड-दोन लाखांच्या घरात आहे आणि ते सगळे त्या मूठभरांचे वंशज आहेत. सॅन सिमियनजवळच्या पिएद्रास ब्लांकास किनाऱ्यावर ते १९९० च्या सुमाराला आले आणि आता हिवाळ्यात तिथे वाळू दिसत नाही.

आईपणाकडे मी मुद्दाम शेवटी येतेय, कारण मला सगळ्यात जास्त तेच खुणावतं. सी लायनची मादी पिल्लाला जवळपास वर्षभर पाजते. पण उपाशी राहून नाही. जन्मानंतरचा आठवडाभर ती पिल्लाजवळ असते, मग मासे मारायला समुद्रात जाते ती दोन-तीन, कधी चार-पाच दिवसांनीच परतते. शेकडो पिल्लांच्या कालव्यात उभी राहून हाक देते. तिचं पिल्लू उत्तर देतं, चुकीचं पिल्लू आलं तर हिसडून लावलं जातं, आणि शेवटी नाकाला नाक लावून वास घेतल्यावरच दूध मिळतं. हे जमिनीवर येणं-जाणं चालणाऱ्या पायांमुळेच परवडतं. फर सील तर हे आवाज वर्षानुवर्षं विसरत नाहीत. चार वर्षांनंतरही माय-लेकरं एकमेकांच्या आवाजाला प्रतिसाद देतात असं दिसून आलं आहे.

सीलने हा व्यवहार कमीत कमी दिवसांत उरकायचं ठरवलंय. एलिफंट सीलची मादी वाळूवर येते, पिल्लू होतं आणि पुढचे चार आठवडे ती पाण्यात जात नाही, घासभरही खात नाही. अंगातली चरबी दुधात उतरत जाते. शेवटीशेवटी दूध निम्म्याहून जास्त स्निग्ध असतं. पस्तीस-चाळीस किलोंचं पिल्लू सव्वाशे किलोंच्या आसपास जातं आणि आई तिच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग गमावते. मग एके दिवशी ती उठते आणि निघून जाते. निरोप नाही, शिकवणी नाही. पिल्लू त्या चरबीवर दोन-अडीच महिने काढतं, उथळ पाण्यात स्वतःच धडपडत पोहायला शिकतं आणि एकटंच समुद्रात जातं. उत्तर अटलांटिकच्या तरंगत्या बर्फावर विणारा हुडेड सील याहून घाईत असतो. त्याचं दूध पिणं अवघ्या चार दिवसांचं, कुठल्याही सस्तन प्राण्यापेक्षा कमी, आणि तेवढ्यात पिल्लाचं वजन दुप्पट होतं. खालचा बर्फ कधी फुटेल याचा नेम नाही, तिथे वर्षभराचे लाड कोण करणार. यातली कुठली आई बरी, असा प्रश्न माझ्या मनात येतो आणि तो माझा मलाच पोरकट वाटतो.

हार्बर सील दोघांच्या मधली. तिचं पिल्लू जन्मल्यावर तासा-दोन तासांतच पोहतं, दमलं की आईच्या पाठीवर बसतं. पाजणं चार ते सहा आठवडे. पण तिचं अंग लहान. एवढे दिवस उपास तिला झेपत नाही, म्हणून ती मधूनच पिल्लाला वाळूवर ठेवून मासे मारायला जाते.

म्हणून किनाऱ्यावर एकटं पिल्लू दिसलं तर ते कुणाचं हे ओळखता येणं नुसत्या हौसेची गोष्ट राहत नाही. हिवाळा सरताना दिसलेलं, गुबगुबीत, आईविना पडलेलं एलिफंट सीलचं पिल्लू जिथे असायला हवं तिथेच असतं. आई गेलीय, ती येणार नाही आणि त्याचं काही बिघडलेलं नाही. कॅलिफोर्निया सी लायनचं हाडं दिसणारं पिल्लू विणीच्या बेटांपासून दूर, एखाद्या गजबजलेल्या पुळणीवर दिसलं तर बहुधा काहीतरी बिनसलेलं असतं. २०१३ ते २०१६ या वर्षांत पाणी तापलं, मासे दूर गेले, आया लांब पल्ल्यावर अडकल्या आणि अशी उपाशी पिल्लं हजारोंनी किनाऱ्याला लागली. मोठा सी लायन मान वेळावत, झटके देत पडला असेल तर ती बऱ्याचदा डोमोइक आम्लाची विषबाधा असते. एका शैवालातलं हे विष माशांतून त्याच्या पोटात आणि तिथून मेंदूत जातं. अशा वेळी तो चावतोही.

आणि वसंतात वाळूवर एकटंच ओरडणारं, ठिपक्याठिपक्यांचं हार्बर सीलचं पिल्लू असेल तर त्याची आई बहुतेक वेळा समोरच पाण्यात असते, फक्त नाक आणि डोळे वर ठेवून. किनाऱ्यावर माणूस उभा आहे तोवर ती येत नाही. पिल्लाला कुणी त्रास देऊ नये म्हणून त्याच्या शेजारी राखण करत बसणारे भले लोक मी पाहिले आहेत. तेवढा वेळ पिल्लू उपाशीच राहतं. त्याला उचलून गाडीत घालणारेही निघतात. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, पण गुन्ह्याहून वाईट म्हणजे त्या पिल्लाची आई कायमची तुटते. पन्नास-शंभर पावलं मागे जावं, सोबत कुत्रा असेल तर त्याला आवरावं आणि तिथून त्या भागातल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या बचाव केंद्राला फोन लावावा. ते पहिला प्रश्न हाच विचारतात की पिल्लाला कान दिसतात का, आणि नसतील दिसत तर ते हललं कसं.